सोड्याने धुतलेली खोकी

सकाळी नऊ चाळीसला डॉक्टरीणबाईंचा फोन आला. सून टोमॅटो चिरत होती. हात रसाने भरलेले, म्हणून तिने कोपराने स्पीकर लावला. त्यामुळे मागच्या दारात बसलेल्या सासऱ्यांनाही सगळं ऐकू आलं.

"तुझ्या रक्तात शिसं निघालंय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "एकोणचाळीस. पाचाच्या वर गेलं तरी आम्ही जागे होतो. आणि तुला सहावा महिना आहे. शिसं पोटातल्या बाळाच्या मेंदूला बाधतं."

सासऱ्यांना गल्लीत सगळे मिस्त्री म्हणत. चाळीस वर्षं त्यांनी बॅटऱ्या दुरुस्त केल्या होत्या. आत्ता त्यांच्या मांडीवर परडी होती आणि परडीत नुकतीच खुडलेली लेट्यूसची पानं. सुनेचं हिमोग्लोबिन तीन महिने कमी होत होतं. गोळ्या चालू होत्या, तरी आकडा घसरतच होता. हिरवा पाला खाऊ घाला, असं कानावर पडल्यापासून मिस्त्रींनी ते काम अंगावर घेतलं होतं. दोन्ही वेळा ताटात वाडगाभर पानं, वर टोमॅटोच्या फोडी. कालच ती वैतागून म्हणाली होती, "बाबा, अजून दोन पानं वाढलीत तर बें बें करायला लागेन मी."

"शेळीला कधी रक्त कमी पडलेलं ऐकलंयस?" मिस्त्री म्हणाले होते, आणि दोनाऐवजी चार पानं वाढली होती.

"घरात कुणी बॅटरीचं काम करतं? रंगाचं?" फोनवरून प्रश्न आला.

"सासरे करायचे. पण दुकान बंद होऊन सहा वर्षं झाली."

"तिथले कपडे, हत्यारं घरात आहेत?"

"छे, सगळं भंगारात गेलं."

"मग नळाचा पाइप जुना असणार. पाणी तपासून घ्या. तोवर बाटलीचं पी. दुपारी ये, बोलू."

सगळं भंगारात गेलं नव्हतं. दुकान आवरताना मिस्त्रींनी ट्रकच्या बॅटऱ्यांची अठरा रिकामी खोकी घरी आणली होती. काळी, कडक, ना कुजणारी ना गंजणारी. मागच्या दाराबाहेरच्या फरशीवर ती दोन रांगांत मांडली होती. आतल्या कप्प्यांचे पडदे फोडून, तळाला भोकं पाडून त्यांत माती भरली. एका खोक्यात सहा लेट्यूस किंवा एक टोमॅटो, काठीला बांधलेला. सुनेला वाटायचं, कुंड्याच त्या. सहा वर्षांत तिने त्यांच्याकडे दुसऱ्या नजरेने पाहिलंच नव्हतं.

मिस्त्रींनी हयगय केली नव्हती. त्यांच्या धंद्यात भीती एकाच गोष्टीची: अ‍ॅसिड. ते कपडे खातं, नखं खातं, डोळा घेतं. म्हणून त्यांनी प्रत्येक खोक्यात सोड्याचं पाणी ओतलं होतं, फेस थांबेपर्यंत, तीन-तीनदा. मग उस्तादाने शिकवलं होतं तसं ओलं बोट आतून फिरवून जिभेला लावलं. आंबट लागलं नाही. म्हणजे खोकं साफ. तळाला राखाडी गाळ चिकटलेला होता, तो त्यांनी खरवडला नाही. असला गाळ जन्मभर त्यांच्या नखांत होता. त्याने त्यांचं काय वाकडं झालं? मनगटं लुळी पडली होती, पण ती वयाने.

बॅटरीच्या प्लेटा शिशाच्या असतात, हे त्यांना बारा वर्षांचे असल्यापासून ठाऊक होतं.

सुनेने नवऱ्याला फोन करून प्लंबर बोलवायला सांगितलं. तिच्या आवाजात भीती होती, पण सुटकाही होती.

"निदान कारण तरी सापडलं," ती म्हणाली. "मेला नळच निघाला. पाइप बदलून टाकू." तिने परडीकडे हात केला. "द्या बाबा, बाटलीच्या पाण्याने धुऊन घेते."

मिस्त्रींनी परडी सोडली नाही.

गप्प राहिलं तर पाइप बदलला जाईल. कीड लागली म्हणून उद्या झाडं उपटता येतील, खोकी भंगारवाला घेऊन जाईल. दोष नळावर जाईल आणि येणारं नातवंड त्यांच्या मांडीवर दिलं जाईल. हे सगळं त्यांच्या मनात आलं, आणि ते यायला फार वेळही लागला नाही.

"नळ नाही पोरी," ते म्हणाले. "खोकी आहेत. बॅटरीची. मी धुतली होती, पण तळाचा गाळ राहिला. शिशाचाच तो."

सुनेने हात मागे घेतला. ती ओरडेल, म्हणून मिस्त्री वाट पाहत राहिले. ओरडली असती तर बरं झालं असतं.

ती त्यांच्या खांद्यावरून बाहेर बघत होती. फरशीवर नात बसली होती. तिला घरात ठमी म्हणत. साडेचार वर्षांची झाली तरी तिला सगळे मिळून सात-आठ शब्द येत होते. कान तपासून झाले होते, ते ठणठणीत निघाले. शाळेने यंदा घेतलं नाही. "तिचा बापही उशिराच बोलला," असं मिस्त्री सगळ्यांना सांगत. ते खरं नव्हतं. सुनेला धीर यावा म्हणून ते सांगत.

"बाबा," सून म्हणाली, "ठमीच्या वेळी दिवस गेले होते, तेव्हा मी कशातली पानं खात होते?"

"ह्यातलीच."

ठमीचं रक्त त्याच दुपारी काढलं. अहवालाला चार दिवस लागतात. आज तिसरा आहे.