गच्चीवरच्या कुरडया

सोलर पॅनेलवर वाळत घातलेल्या कुरडया उलटताना एक खाली पडली, म्हणून मी वाकले. पॅनेलला वायरच नव्हती. एकाही पॅनेलला नव्हती! ‘वापरेल तेवढी वीज स्वतःच बनवणारी इमारत’ म्हणत बिल्डर, सिमेंटवाले, एसीवाले, बँक अशा सगळ्यांनी मिळून नोएडातला फ्लॅट आमच्या गळ्यात मारला होता. आज त्यांचाच गच्चीवर सत्कार होता. मी ह्यांना बोलावून दाखवलं. ह्यांनी आजूबाजूला पाहिलं. “बोलू नकोस यार, आपल्याच फ्लॅटचा भाव पडेल. चलो, कुरडया उचल.” मला शिसारी आली, त्या चोरांपेक्षा ह्यांचीच जास्त. तेवढ्यात हार घातलेली मंडळी वर आली. बिल्डरनं माझ्यापुढे माइक धरला. “भाभीजी, पॅनेल कैसे लगे?” ह्यांनी माझं कोपर दाबलं. मी कडकडीत वाळलेली कुरडई बिल्डरच्या हातावर ठेवली. “बढिया. धूप से यहाँ बस यही बनता है.”