सोबतीचा माणूस

नूतन सिस्टर गेली अकरा वर्षं लसींचा डबा सायकलला बांधून ब्रह्मपुरीजवळच्या रानातल्या टोल्यांवर, छोट्या वस्त्यांवर, एकटीच जात आली. तिला कधी कोणी अडवलं नाही. यंदा मात्र तिने तीन मैत्रिणींना गोळा केलं, गिअरच्या सायकली भाड्याने आणल्या आणि दोन दिवस त्याच रानवाटांवर नुसतं मजेखातर हुंदडायचं ठरवलं.

मुक्काम रानाच्या कडेच्या गावात, सिस्टरच्या ओळखीच्या वामनरावांच्या घरी होता. सकाळी चौघी निघाल्या, तेव्हा वामनरावांनी प्लास्टिकचे चार मुखवटे आणून दिले, झुबकेदार मिशीच्या पुरुषाचे.

"डोस्क्याच्या मागं बांधा. वाघ पाठीमागून येते. मागं तोंड दिसलं का त्याले वाटते, माणूस आपल्याकडंच पाहून राह्यला."

चौघींनी मुखवटे बांधले. नूतनने पायडलवर पाय ठेवला, तसा वामनरावांनी फाटकावर हात आडवा धरला.

"पर सोबत बाप्या माणूस कोन हाये? कामाची गोष्ट अलग, सिस्टर. मजा कराले जाणाऱ्या बायकाइले मी असं एकटं सोडत नाई."

"आमी चौघी आहो, भाऊ. एकट्या कशा?"

"माणूस पाहिजे म्हनलं ना."

नूतनने त्यांचा हात बाजूला केला आणि फाटक उघडलं.



"चार तं तुमीच देल्ले. वाघाले चालते, मंग तुमाले काऊन नाई चालत?" म्हणत ती निघाली, मागोमाग तिघी, आणि वळण येईपर्यंत चार मिशीवाले वामनरावांकडे डोळे वटारून पाहत राहिले.