उपाशीपोटी

लाईट गेली तशी लिफ्टही बंद पडली, आणि नीरजाचे बाबा जनरेटरचं बघायला चार मजले उतरून गेले. गाझियाबादच्या त्या नव्या सोसायटीत हे रोजचंच, त्यामुळे मेणबत्तीच्या उजेडात गप्पा तशाच चालू राहिल्या. जेवायला आलेल्या मीनाक्षीकाकूंना नीरजाचं भारी कौतुक. कॉलेज संपल्या संपल्या ही पोरगी टांझानियातल्या एका खेड्यात, झाडपाल्याची औषधं देणाऱ्या म्हातारीच्या दवाखान्यात बिनपगारी राबून आली होती.

"अच्छा, पण हाताबाहेर गेलेला रोगी आला तर काय सांगायची गं ती?" काकूंनी विचारलं.

नीरजाला हे सांगायला आवडायचं नाही. "सांगायची काहीच नाही. औषध रिकाम्या पोटी घ्यायचं, म्हणून सगळे सकाळी उपाशीच यायचे. ज्याचं आता काही होण्यासारखं नाही, त्याला आजी चुलीपाशी बसवायची आणि स्वतःच्या हातानं जेवू घालायची. मग तो मुकाट्यानं घरी जायचा."

जिने चढून आलेले बाबा धापा टाकत दारात उभे राहिले. त्यांच्या कानावर 'आजी' तेवढंच पडलं होतं. खोकल्याची उबळ ओसरल्यावर ते हसले.

"त्या आजीबाईंचंच चाललंय ना? मी तुला आणायला आलो, तेव्हा तू पाला तोडायला रानात गेली होतीस. त्यांनी माझी नाडी बघितली, आणि औषधबिवषध काही नाही, लेकराला भरवावं तसं पोटभर भरवलं मला."