शिसवी दस्ता आणि चिमूटभर कुंकू

देवाशप्पथ, अक्षर न् अक्षर खरं! चंद्राक्काची सून डावखुरी नेमबाज, आणि तिच्या स्पर्धेच्या रायफलीचा खांद्याला टेकवायचा लाकडी दस्ता उजव्यांसाठी घडवलेला. गालाला नीट टेकेच ना. रविवारी जिल्ह्याची निवड. चंद्राक्का सुताराची लेक. तिनं घरच्या घरी शिसवीचा नवा दस्ता कोरला.

तरी गोळ्या भरकटायच्या. "आत्या, नळी आत कुठंतरी लाकडाला घासतीय, पण दिसंना!" सून रडकुंडीला आली.

"दिसंल की, न दिसून जाईल कुठं?" सासूनं देव्हाऱ्यातलं कुंकू तेलात कालवून नळीला फासलं, नळी दस्त्यात दाबून उचलली. लाकडावर जिथं लाल उमटलं तिथंच पटाशी फिरवली, डाग उमटेनासा होईपर्यंत.

निवडीला पंच सुनेचा निशाणीचा कागद बघून म्हणाले, "एकच गोळी लागली. बाकीच्या कुठं?"

"त्याच भोकातनं गेल्या, साहेब!" चंद्राक्का गरजली. "आमच्या सुनेला उगं नवी भोकं पाडायची हौस नाही!"

पंचांनी भिंग लावलं, आणि सुनेचं नाव सगळ्यात वर लिहिलं. भोकाभोवती कुंकवाचं कडं होतं, सवाष्णीच्या कपाळी शोभावं असं.

बरं, ते कुंकवाचं कडं माझ्या पदरचं. भोक मात्र खरंच एकच होतं.