पुढचा टायर

बायकोचं, वृंदावहिनींचं, तेरावं झालं आणि दुसऱ्याच दिवशी चिंतामणी साहेब आपली जुनी स्कूटर अंबरनाथहून ढकलत उल्हासनगरला किसनच्या गॅरेजवर घेऊन आले. दोन आठवड्यांपूर्वी पालेगावजवळ ती रस्ता सोडून डावीकडे गेली होती आणि मागे बसलेल्या वृंदावहिनी दगडांवर पडल्या होत्या.

किसनने पुढचं चाक खोललं. चाक धरणारा फोर्क चांगलाच वाकला होता. मग त्याने टायरवरून अंगठा फिरवला. टायर दोन्ही बाजूंनी सारखाच झिजला होता. फोर्क आधीपासून वाकडा असता, तर टायरची एकच बाजू खाल्ली गेली असती.

"खरं सांग किसन, फोर्क आधीपासूनच वाकडा होता ना?" साहेब म्हणाले. "नाइट करून आलो होतो, पण डुलकी लागली नव्हती मला. गाडीच ओढत होती डावीकडे."

किसनने टायर खाली ठेवला.

"आधीपासूनच वाकडा होता, साहेब."

"नक्की?"

"दसऱ्याला मीच काम केलं होतं ना गाडीचं. माझ्याच हातून तिरका बसला."

साहेबांनी पंधरा दिवसांत पहिल्यांदा मान वर केली. मग पुढे येऊन त्यांनी किसनच्या थोबाडीत मारली.

किसनने गालाला हात लावला नाही. त्याने तो टायर पायाने हळूच बाकड्याखाली सरकवला.