कपाटाची किल्ली

“दवाखान्यात कोणी तुला एक शब्द बोलणार नाही,” असं आयव्हीताईने छातीठोकपणे सांगितलं, तेव्हा कुठे साईनाथ कल्याणच्या पत्रीपुलाखालून उठला. नशेच्या सुया टोचून टोचून त्याच्या दंडाला गळू झालं होतं. अशा पोरांना उपचारापर्यंत आणणं हीच तिची नोकरी, पण याच्या महिनाभर नाकदुऱ्या काढाव्या लागल्या. सिस्टरने त्याचा हात पाहिला, मुकाट्याने टेबलावरचा सिरिंजांचा ट्रे कपाटात ठेवून कुलूप लावलं आणि किल्ली घेऊन जेवायला गेली. डॉक्टर आले, म्हणाले, “आधी धनुर्वाताचं इंजेक्शन देऊ. सिरिंज कुठंय?” आयव्हीताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. “पाच मिनिटं थांब रे, किल्ली मागवते,” ती म्हणाली. साईनाथने बाही सावकाश खाली ओढली, मनगटाचं बटणही लावलं. “ताई, तुम्ही खोटं नाही बोललात,” दाराकडे वळत तो म्हणाला. “कोणी एक शब्द नाही बोललं.”