माणशी पंधरा किलो

ग्वाल्हेरच्या जयेंद्रगंजातल्या घरात शंतनुराव सकाळपासून येरझारा घालत होते. आफ्रिकेतलं ते अभयारण्य इतकं आडबाजूचं, की वर्षाकाठी शंभर माणसंही तिकडे फिरकत नाहीत. तिथे नेणाऱ्या चिमुकल्या विमानात माणशी पंधरा किलोच सामान चालणार होतं. दुर्बीण, कॅमेरा, मलेरियाच्या गोळ्या भरून त्यांनी बॅग चौथ्यांदा काट्याला टांगली. सोळा! मघाशी तर पंधराच भरली होती. वैतागून त्यांनी चेन उघडली, तर वरच बायकोचे नवेकोरे कॅनव्हासचे बूट आणि पासपोर्ट. "अगं, तंबूबाहेर सिंह हिंडतात तिथे! तुला झेपायचं नाही. माझं एकट्याचंच बुकिंग करतोय." "सिंहांचं मी बघून घेईन," म्हणत राजलक्ष्मीबाईंनी टेबलावरचा फॉर्म ओढला, 'प्रवासी' या रकान्यातला एक खोडून दोन केले आणि पेन त्यांच्या हातात दिलं. "चाळीस वर्षं मराठीतला संसार केला. आता मला हिंदीतला बघायचाय."